सासूबाईंचं पुनर्वसन

कार्डाच्या अगदी तळाशी, गोल शिक्क्याखाली अर्धी दबलेली एक ओळ होती आणि ती वाचायला सबंध घराला अकरा दिवस लागले.

कार्ड सासूबाईंचं. सासूबाई म्हणजे शाळेत तेहेतीस वर्षं पी.टी. शिकवलेल्या बाई. एका सकाळी दात घासता घासता त्यांच्या डाव्या पायाने अचानक संप पुकारला. झटका सौम्य होता. हात आठवड्याभरात ताळ्यावर आला, बोलणं पूर्ण शाबूत राहिलं (हे सुदैव की कसं, याबद्दल घरात दोन मतं होती), पाय मात्र मागे ओढत राहिला. त्यांचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. लेकीचं घर तळमजल्यावर. त्यामुळे रुग्णालयातून त्या थेट लेकीकडे आल्या आणि जावयाच्या खोलीत स्थिरावल्या.

जावई एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत इतके कडक, की छापखान्यात त्यांना सगळे 'वेलांटीराव' म्हणत, आणि हळूहळू घराच्या आसपासही तेच नाव रूढ झालं. त्यांच्या खोलीत एक टेबल, एक दिवा आणि नऊ शब्दकोश होते. आता तिथे पलंग, शेकायची पिशवी आणि सासूबाई होत्या. प्रूफं फ्रिजच्या डोक्यावर गेली आणि वेलांटीराव स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तिथे एका इतिहासाच्या पुस्तकावर टोमॅटोचा रस उडाला. लेखकाने तो लाल डाग म्हणजे काटछाट समजून एक अख्खी लढाईच गाळून टाकली.  वेलांटीराव सोसणाऱ्यांतले होते. फक्त सोसताना सगळ्यांना दिसेल असे सोसत.

तर ती ओळ. बायकोच्या मते ती 'रोज पी.एम.ला' अशी होती, म्हणजे संध्याकाळी घ्यायचं काहीतरी. वेलांटीरावांनी एकतीस वर्षं लेखकमंडळींची अक्षरं लावली होती. त्यांनी भिंग घेतलं, कार्ड उजेडात तिरपं धरलं आणि जाहीर केलं, "पी.एम.आर.! औषध आहे."

औषधवाल्याने सगळे खण धुंडाळले. "पी.एम.आर. नाही. पी.एम.एक्स. देऊ? एका अक्षराने काय होतंय?"

एका अक्षराने काय होतंय! वेलांटीरावांना काउंटर धरून उभं राहावं लागलं. घरी येऊन त्यांनी दोन पेले पाणी प्यायलं.

शेवटी बायकोने रुग्णालयात फोन लावला. वीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक आवाज आला, "फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. त्या डॉक्टरांना दाखवायचंय."

"ते कुठे बसतात?"

"ते सांगणारा विभाग वेगळा आहे," असं म्हणून आवाजाने फोन ठेवला.

निदान शब्द तर हाती लागला होता. वेलांटीराव नऊ शब्दकोशांपैकी चार घेऊन बसले. 'भौतिक' त्यांनी नाकारलं, त्यात प्रयोगशाळेचा वास येत होता. तासाभराने कागदावर सुवाच्य अक्षरात उतरलं: 'शारीरिक वैद्यक व पुनर्वसन तज्ज्ञ'.

"अहो, सरळ रिहॅब म्हणा की," बायको म्हणाली.

"आपल्याकडे चांगला शब्द असताना?" वेलांटीराव म्हणाले. इथेच सगळं घोडं अडलं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मोजणीदार राहत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यामुळे कुठे काय आहे हे आपल्यालाच ठाऊक, अशी त्यांची समजूत होती. सासूबाईंना त्यांनी आपली जुनी काठीही देऊन ठेवली होती. "पुनर्वसन ना?" ते म्हणाले. "मोठं कार्यालय आहे. नदीकाठची पिवळी इमारत, दुसरा मजला. लवकर जा, टोकनं संपतात."

सोमवारी छापखान्यातून अर्धी रजा काढून वेलांटीराव तिथे पोचले. दारावर मोठी पाटी होती: 'पुर्नवसन'. रफार चक्क 'न'वर चढला होता! खालच्या ओळीतही काहीतरी लिहिलेलं होतं, पण त्या रफाराने वेलांटीरावांच्या डोळ्यांपुढे असा अंधार आणला की पुढचं त्यांना दिसलंच नाही. दीड तासाने नंबर लागला तेव्हा त्यांनी आधी त्याचीच तक्रार केली.

"पाट्यांचा विभाग वेगळा," कारकून म्हणाला आणि त्याने छापील अर्ज पुढे ओढला. "बाधित व्यक्ती कोण?"

"सासूबाई."

"मूळ घर?"

"तिसरा मजला."

कारकुनाने मान वर केली. "पाणी कुठवर आलंय?"

"पाणी कुठलं यायला! सकाळी अर्धा तास येतं, तेही करंगळीएवढं."

"मग राहायला अडचण काय?"

"जिना. चोपन्न पायऱ्या."

"जिना बुडाला?"

"जिना जागेवर आहे हो! सासूबाईंना चढता येत नाही."

कारकुनाने लिहिलं, 'प्रवेशमार्ग बंद.' मग विचारलं, "सध्या वास्तव्य कुठे?"

"माझ्या घरी. माझ्या खोलीत."

"किती दिवस?"

"छत्तीस," वेलांटीराव म्हणाले, आणि तो आकडा त्यांच्या तोंडून असा काही बाहेर पडला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनीही काम थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

कारकुनाचा स्वर मऊ झाला. "मोबदला हवा की पर्यायी जागा?"

खरं सांगायचं तर पर्यायी जागा म्हटल्यावर वेलांटीराव क्षणभर विचारात पडले. सरकार सासूबाईंना जागा देतंय, तळमजल्यावर, कदाचित पुढे अंगणही असेल. तेवढ्यात त्यांची नजर कारकुनाच्या मागच्या भिंतीवर गेली. तिथे धरणाचा नकाशा होता. निळ्या रंगात बुडालेली सतरा गावं होती. आणि नकाशाखाली तीच पाटी, या वेळी पूर्ण: 'पुर्नवसन कार्यालय (धरणग्रस्त)'.

"माफ करा, माझी चूक झाली. हा अर्ज मागे घेतो."

"शिक्का पडला," कारकून म्हणाला. "आता मागे घ्यायला वेगळा अर्ज. तो गुरुवारी."

ही हकीकत घरी सांगायची नाही असं वेलांटीरावांनी परतीच्या वाटेवर ठरवलं. घरी फक्त 'तिथे ते बसत नाहीत' एवढंच कळवलं, आणि नाइलाजाने, स्वतःच्या कानांना त्रास होईल अशा बेताने, 'रिहॅब' हा शब्द वापरायला सुरुवात केली.

तो पहिल्यांदा वापरला समोरच्या शिकवणीवाल्या काकूंपुढे. काकूंनी इकडेतिकडे पाहून दार लोटून घेतलं. "अगदी योग्य ठिकाणी विचारलंत. आमच्या भाच्याला तिथे फार गुण आला. आता बघा, नोकरी करतो, संसार करतो. आणि कोणाला कळतही नाही हो, मागच्या दाराने जाता येतं."

मागच्या दाराला पायऱ्या नसाव्यात, असा वेलांटीरावांनी अर्थ लावला आणि त्या विचारपूर्वक बांधकामाचं त्यांना कौतुक वाटलं. शनिवारी टॅक्सी केली. अर्ध्या सासूबाई मोजणीदारांच्या काठीवर, उरलेल्या सासूबाई वेलांटीरावांच्या खांद्यावर, असे दोघं आत शिरले. टेबलावरचा दिवा खोलीबरोबर गेल्यापासून स्वयंपाकघरातल्या मिणमिणत्या उजेडात प्रूफं वाचून वेलांटीरावांचे डोळे लाल झाले होते. खांद्यावर वजन तोलल्यामुळे हात थरथरत होते. आत एक अतिशय सौम्य बाई पुढे आल्या, त्यांनी वेलांटीरावांचे थरथरते हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाल्या, "स्वतःहून आलात, हेच फार मोठं आहे."

"मी नाही, यांना—"

"हो, घरच्यांना फार सोसावं लागतं." मग त्या सासूबाईंकडे वळल्या. "आई ना तुम्ही? किती वर्षांपासून घेतात हे?"

सासूबाईंनी भिंतीवर नजर फिरवली. 'नशा सोडा, नाती जोडा' असं तिथे लिहिलं होतं. त्यांना सगळं एका दमात कळलं. आजारपणाच्या सहा आठवड्यांत त्या हसल्या नव्हत्या. आताही हसल्या नाहीत, पण त्यांच्या डाव्या गालाखाली काहीतरी हललं.

"सासू आहे मी," त्या म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हापासून बघतेय. दिवसातून आठ-आठ वेळा."

"आई!" वेलांटीराव ओरडले. "चहा! चहाबद्दल बोलतायत त्या!"

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," सौम्य बाई म्हणाल्या.

वेलांटीरावांना एका गोल रिंगणात खुर्चीवर बसवण्यात आलं. रिंगणातल्या प्रत्येकाने आपली कहाणी सांगितली. सगळ्यांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी उठून स्पष्ट शब्दांत सांगितलं की आपण मुद्रितशोधक आहोत, आपल्याला कसलंही व्यसन नाही आणि मागच्या फलकावरचा 'व्यसनमूक्ती'मधला 'मू' ऱ्हस्व हवा. यावर एका धिप्पाड गृहस्थाने त्यांना मिठी मारली. "मीही पहिल्या दिवशी असाच चिडलो होतो."

खरा प्रकार उलगडायला पाऊण तास लागला. परतीच्या टॅक्सीत सासूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे गदगदत होते. रडतायत की काय म्हणून वेलांटीराव घाबरले. त्यांनी वाकून पाहिलं, तर त्या इतक्या हसत होत्या की डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पुन्हा जाऊ या का हो, जावईबापू?" त्यांनी विचारलं. वेलांटीरावांचा स्वाभिमान दुखावला होता, तरी बऱ्याच दिवसांनी घरात थोडी हवा खेळली असं त्यांना वाटलं. घरी पोचेपर्यंत तेही एकदा हसले. पण चोरून.

बुधवारी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर एक जाडसर गृहस्थ, काखेत फाइल.

"पुनर्वसन कार्यालयातून आलोय. स्थळपाहणी."

अर्ज केल्यावर नवव्या दिवशी कार्यालयातून माणूस दारात! वेलांटीरावांनी दार निम्मं लोटून कुजबुजत सांगितलं, "अहो, तो अर्ज चुकून झालाय."

"कोण आहे?" आतून मैदानावरचा आवाज आला. झालं. निरीक्षक आत आले, खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी फाइल उघडली. अर्जदार जावई, बाधित सासू, प्रवेशमार्ग बंद. सासूबाईंनी तो अर्ज मागून घेतला आणि मोठ्याने, विरामचिन्हांसकट वाचला. 'पर्यायी जागा' यापुढे कारकुनाने लिहिलं होतं, 'अर्जदार विचाराधीन.'

 बायको दारात उभी राहून वेलांटीरावांकडे बघत होती, आणि ती नजर काही धरणग्रस्तांविषयीची नव्हती.

वेलांटीरावांनी मग सगळं सांगितलं. पी.एम.आर., औषधवाला, बासरी, रफार, काही म्हणजे काही लपवलं नाही. निरीक्षक ऐकत राहिले आणि मध्येच त्यांनी मांडीवर थाप मारली.

"अहो, ते डॉक्टर होय! तीन वर्षांपूर्वी मी पाहणीला गेलो असताना कोरड्या विहिरीत पडलो. कमरेपासून खाली काही हालत नव्हतं. त्याच डॉक्टरीणबाईंनी उभा केला मला. तुम्ही ज्या रुग्णालयात होतात ना, तिथेच बसतात."

"तिथे अशी पाटीच नाही," बायको म्हणाली.

"आहे. मागच्या बाजूला, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी. पाटीपुढे चादरी वाळत घालतात, म्हणून दिसत नाही."

सासूबाई आठवडाभर रुग्णालयात असताना वेलांटीराव रोज त्याच चादरींपुढून चहा प्यायला गेले होते.

जाताना निरीक्षकांनी फाइलवर शेरा लिहिला. तो काय होता हे त्यांनी दाखवलं नाही, पण दारात थांबून म्हणाले, "आजी, खरं सांगू? नियमात बसत असतं तर तुमची केस मी मंजूर केली असती."

चादरी बाजूला केल्यावर खरोखर दार निघालं. डॉक्टरीणबाई किरकोळ अंगाच्या, पिकल्या केसांच्या. त्यांनी कागद पाहिले नाहीत, आधी सासूबाईंना व्हरांड्यात तीनदा चालायला लावलं आणि स्वतः फरशीवर मांडी घालून पाऊल कसं पडतं ते न्याहाळत बसल्या.

"ही काठी कोणाची?"

"मोजणीदारांची," वेलांटीराव म्हणाले.

"त्यांची उंची?"

"सहा फूट."

"परत करा. आणि काठी डाव्या हातात कोणी दिली?"

पाय डावा म्हणून काठी डाव्या हातात, हा निर्णय इमारतीतल्या पाच कुटुंबांनी एकमताने घेतला होता. "उजव्या हातात धरायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाईंना बेताच्या उंचीची दुसरी काठी मिळाली, घोट्याला आधार देणारा पट्टा बांधला गेला, आणि चौथ्यांदा त्या चालल्या तेव्हा पाऊल फरशीवर घासलं गेल्याचा तो रोजचा आवाज आलाच नाही. वेलांटीरावांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं आणि विचारलं, "तुम्हाला नक्की काय करायचंय?"

"यांचा पाय—" वेलांटीरावांनी सुरुवात केली.

"तुम्हाला नाही विचारलं."

सासूबाईंनी नवी काठी मांडीवर आडवी ठेवली. औषधवाले, शेजारी, लेक, जावई, इतक्या जणांनी इतकं सांगितलं होतं, पण हे कोणीच विचारलं नव्हतं.

"मला माझ्या घरी जायचंय," त्या म्हणाल्या. "जावई चांगला आहे. पण मी न्हाणीघरात गेले की हे दाराबाहेर उभे राहून खोकतात. मला धीर यावा म्हणून. मला धीर येत नाही हो, राग येतो. आणि यांची कागदपत्रं फ्रिजवर पडलेली बघितली की स्वतःचाच राग येतो. माझ्या घरी मला मोकळेपणी पडू दे, एवढंच."

वेलांटीराव भिंतीकडे बघत राहिले. तो खोकला त्यांना फार शालीन वाटत असे. आणि त्यांना हेही कळलं की खोली परत मिळावी हे आपण मनात दडवत होतो तेव्हा या बाईही तेच मनात दडवत होत्या, आणि भिडेपोटी दोघं दोन महिने एकमेकांना 'बरं वाटतंय ना' एवढंच विचारत आले होते.

"चोपन्न पायऱ्यांचं आज सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चार पायऱ्यांचं सांगते. आणि तुम्ही," त्या वेलांटीरावांकडे वळल्या, "त्यांच्या मागे, एक पायरी खाली, डाव्या बाजूला. हात तयार ठेवायचा, पण लावायचा नाही. कळलं? आणि खोकायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून इमारतीच्या जिन्यावर सराव सुरू झाला. मोजणीदारांनी पायऱ्यांची उंची मोजून दिली, ती कोणी मागितली नव्हती. शिकवणीवाल्या काकूंनी वर्गातल्या मुलींना दार उघडं ठेवून पाहू दिलं, इच्छाशक्तीवर निबंध होता म्हणून. चार पायऱ्यांच्या आठ झाल्या, आठाच्या अठरा. सहाव्या आठवड्यात पट्टा पायरीच्या कडेला अडकला. सासूबाई पडल्या नाहीत, कारण खाली वेलांटीराव होते. पडले ते.

लागलं कोणालाच नाही, पण सासूबाई घाबरल्या. दोन दिवस त्या पलंगावरून उठल्या नाहीत. "राहू दे आता. या वयात कसले जिने?"

तिसऱ्या दिवशी वेलांटीराव कोपराला पट्टी बांधून पलंगाशी उभे राहिले. "आई, तासाला एखादी मुलगी रुसून मैदानाच्या कडेला बसली, तर तुम्ही काय करायचात?"

"एक फेरी जास्त."

"मग उठा."

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे तसं कोणी पाहिलं नसेल. मग हात पुढे करून काठी मागितली.

अकराव्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी, तिघं सासूबाईंच्या इमारतीपाशी उभे राहिले. वेलांटीरावांनी वाटेत विश्रांतीसाठी एक घडीचं स्टूल काखेत घेतलं होतं. बायको किल्ली घेऊन पुढे गेली. पहिल्या मजल्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या मजल्यावर सासूबाई भिंतीला टेकून मिनिटभर थांबल्या आणि वेलांटीरावांनी लगबगीने स्टूल उघडलं. एक पायरी खाली, डावीकडे वाकून, हात हवेत, काखेत स्टूल, अशा अवस्थेत छत्तीस पायऱ्या चढल्यामुळे त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"बसा तुम्ही," त्या म्हणाल्या.

"नाही, नाही, तुमच्यासाठी—"

"बसा म्हणते ना!"

ते बसले. शेजारच्या दारातून एक बाई पाणी घेऊन आल्या आणि त्यांनी ते न विचारता वेलांटीरावांना दिलं. सासूबाई उरलेल्या अठरा पायऱ्या एकट्या चढल्या. वरून त्यांच्या मोजण्याचा आवाज येत होता. चोपन्न म्हणताना तो जरा फाटला.

घर धुळीने भरलं होतं. सासूबाईंनी खिडक्या उघडल्या, लेकीला आणि लंगडत आलेल्या जावयाला सोफ्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "कोणी उठायचं नाही. चहा मी करणार."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. आत भांडं आपटलं, चमचा पडला. बायको उठू लागली तशी वेलांटीरावांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. वीस मिनिटांनी सासूबाई एका हातात काठी आणि एका हातात कप घेऊन आल्या, तो लेकीला दिला आणि परत गेल्या. मग वेलांटीरावांचा कप आला. मग पुन्हा आत जाऊन स्वतःचा. प्रत्येक फेरीला बशीत थोडा सांडलेला. त्या खुर्चीत बसेपर्यंत दोघांनी कपाला तोंड लावलं नाही, आणि मग तिघांनी मिळून पार गार झालेला चहा प्यायला.

सासूबाईंनी रिकामा कप खाली ठेवला, काठीला हात घातला आणि दोघांकडे पाहिलं.

"आणखी कोणाला?"

दोघांनीही एकदम हात वर केला.